निवलेला झरा

युफ्रोझीने उकळत्या पाण्याची घागर न्हाणीघराच्या मागच्या दाराने आत आणली आणि हौदात ओतताना तोंड फिरवलं. वाफ लागू नये म्हणून, असं ती स्वतःला सांगत असे.

"बेताने ओता, वहिनी," अनातोल बाहेरून म्हणाला. "कोंबडी शिजवायची नाहीये आपल्याला."

"तुम्ही तुमची भट्टी बघा, भावजी."

भट्टी जिरॅनियमची होती. न्हाणीघर सांभाळणाऱ्या अनातोलचा तो जोडधंदा. पण पानांचं तेल काढायच्या तांब्याच्या हंड्यात वादळापासून नुसतं पाणी उकळत होतं. त्या वादळाने डोंगराची एक कड खाली ओढली, रस्ता नेला, आणि झऱ्याला आतून काय केलं ते देवच जाणे. पाणी तसंच तांबूस, तसंच गंजाच्या चवीचं राहिलं, पण निवत निवत, विसरून ठेवलेल्या कॉफीसारखं, गार झालं. गावाने ही गोष्ट खाली किनाऱ्यावर जाऊ दिली नाही. सांगून खायचं काय? मसूर पिकतो, तो घरालाच पुरत नाही.

हे गाव झऱ्याच्या गरम, औषधी पाण्यानेच वसवलं होतं. युफ्रोझीच्या तरुणपणी मादागास्करहून तापाने पिवळे पडलेले साहेब यायचे, उसाच्या मळ्यांच्या मालकिणी यायच्या, सगळे हमालांच्या खांद्यावरच्या खुर्च्यांत बसून. हमाल गाणं म्हणत चढत, आणि येणारी बाई किती जड आहे ते गावाला ती दिसण्याआधी गाण्यातूनच कळे. पोरीबाळी हसून हसून लोळत. हॉटेलच्या व्हरांड्यात संध्याकाळी व्हायोलिन वाजे. मग मोटारीचा रस्ता झाला आणि गाणी बंद पडली. आता रस्ता नव्हता म्हणून खुर्च्या पुन्हा निघाल्या होत्या, पण हमाल म्हातारे झाले होते आणि चढताना मुकाट असत.

तशाच एका खुर्चीत मादाम रिव्हिएर पूर्वी वर आली होती. नवी नवरी, गुडघे लाकडासारखे ताठलेले. युफ्रोझीही तेव्हा कामावर नवीच; तिनेच तिला काखेत धरून पाण्यात उतरवलं होतं. हंगाम संपला तेव्हा मादाम स्वतःच्या पायांनी घाट उतरली, आणि रिकामी खुर्ची घेतलेले हमाल मागून ओरडत होते, "बाईसाहेब, आता आम्हाला उचला!"

या खेपेस तिने लेकीला आणलं होतं. एलियेतचे सांधे सुजले होते, आणि चार शब्द बोलली की तिला धाप लागे.

"खाली किनाऱ्यावर सँ-दनीच्या इस्पितळात नवं औषध आलंय म्हणतात, मादाम," युफ्रोझीने परवाच विषय काढून पाहिला होता. "सुईने देतात. एकदा दाखवून तर—"

"इस्पितळात माझा नवरा नेला, तो परत आणला नाही." मादामने तिचा हात धरला. "मला त्या सुया सांगू नकोस, फ्रोझी. मला कोणी चालवलं? तूच ना?"

त्या हाताची पकड युफ्रोझीला अजून जाणवत होती.

समोरच्या दाराने मायलेकी आत आल्या. मादामने बाही सारली आणि कोपर पाण्यात बुडवला. ही इथली जुनी रीत: आधी घरच्या माणसाने कोपराने पाणी पाहायचं आणि 'गरम आहे' असं मोठ्याने म्हणायचं. त्याशिवाय पाणी लागू पडत नाही, आणि त्याशिवाय कोणी आजाऱ्याला हौदात उतरवतही नाही.

"गरम आहे," मादाम म्हणाली, आणि देवळात मेणबत्ती लावायला गेली.

एलियेत गळ्यापर्यंत पाण्यात बसली. युफ्रोझी तिचे केस वर बांधत होती.

"मावशी, उद्या आणखी एक घागर ओत," एलियेत हळूच म्हणाली. "आईने आज कोपर जरा जास्तच वेळ ठेवला."

युफ्रोझीच्या हातातून केस सुटले.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. खांदे भाजतात आणि पाय गारठतात." ती हसली, मग श्वासासाठी थांबली. "झऱ्याला कुठली अशी सवय?"

"मग आईला सांग की, बाळा!"

"ती इथून चालत गेली होती, मावशी. तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

केस पुन्हा बांधायला युफ्रोझीला फार वेळ लागला. मुलीच्या मानेवरची शीर पाखराच्या गळ्यासारखी उडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घागर उचललीच नाही.

"वहिनी, मंडळी येतायत," अनातोल म्हणाला. "हंडा उकळून उतू जातोय."

"जाऊ दे."

त्याने स्वतःच घागर भरायला घेतली. "गाव तुमच्या एकटीचं नाही."

"पोरगीही माझी नाही. म्हणूनच."

आपल्याला काही बोलावं लागणार नाही, असं तिने रात्रीच मनाशी धरलं होतं. कोपर बुडेल, पाणीच सांगेल. पाण्याने सांगितलं तर कोणाला दोष नाही, ना गावाला, ना आपल्याला.

मादामने बाही सारली. कोपर पाण्यात गेला आणि तिथेच राहिला. दंडावर काटा उभा राहिलेला युफ्रोझीला स्पष्ट दिसला.

"गरम आहे," मादाम म्हणाली.

युफ्रोझी जागची हलली नाही. तेव्हा एलियेत कठड्याला धरून एकटीच आत उतरली. पाणी छातीशी आलं तशी तिने एकदम दम ओढला.

"हो आई, छान गरम आहे." तिचे दात वाजत होते.

मादाम भिंतीकडे बघत होती.

"गार आहे, मादाम." युफ्रोझीला स्वतःचा आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "वादळापासून गार आहे. आम्ही भट्टीवर तापवून ओतत होतो."

मागच्या दारात अनातोल भरलेली घागर घेऊन उभा होता. त्याने ती आवाज न करता खाली ठेवली.

"सगळ्या गावाला ठाऊक होतं?" मादामने विचारलं.

"हो."

"आणि मी आल्या दिवशी तुझ्या गळ्यात पडून रडले, तेव्हा तुलाही?"

युफ्रोझीने होकाराची मान हलवली. हातातला टॉवेल तिने छातीशी धरला होता. एलियेतने पाण्यातून हात वर केला, पण युफ्रोझी पुढे होण्याआधीच मादामने टॉवेल तिच्याकडून हिसकून घेतला. तिने लेकीला ओढून बाहेर काढलं आणि केस, पाठ, सुजलेले गुडघे घाईघाईने पुसायला लागली. तिला ते नीट जमत नव्हतं. टॉवेलचं टोक पुनःपुन्हा पाण्यात पडत होतं.

"तसं नाही, मादाम, आधी छाती कोरडी—"

"हात लावू नकोस."

युफ्रोझी मागे सरली.

"हमालांना बोलाव," मादाम म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "सँ-दनीला जायचंय. आज कोण मिळेल ते. जे जोरात चालतात ते."