चष्म्याच्या घराखालचा सातबारा

मित्रांनो, मी एक जुना शाईपेन आहे. टोपणाचा मुलामा उडालाय, टोक डावीकडे झुकलंय, पण स्मरण शाबूत आहे. कुठला शब्द किती वेळा लिहिला, ते मला पक्कं आठवतं. माझ्या मालकाला हे कळलं तर आवडणार नाही.

मालक म्हणजे विश्रामसर, पालघरचे निवृत्त प्राध्यापक आणि निबंधकार. निरोपाच्या दिवशी विद्यार्थ्यांनी मला त्यांच्या खिशाला लावलं. तेव्हापासून सर बदलत्या काळाचा अर्थ शोधताहेत. काळही भरपूर बदलत होता. बोईसरकडे कारखाने, उमरोळीकडे इमारती, मधल्या शेतांत मोजणीचे लाल खुंट. सर हे सगळं खिडकीतून बघत आणि माझ्यात शाई भरत. त्यांच्या पत्नी जयवंतीबाई चहा ठेवून विचारत, "सापडला का हो अर्थ? की अजून एक कप लागेल?"

एके दिवशी बेटेगावची पारू आली. तिची दीड एकर भातजमीन नव्या रस्त्यात जात होती. शेजारच्या पडीक जागेतून रस्ता वळवला, तर वाचणार होती.

"सर, आमची हरकत लिवा. सोमवार शेवटचा दिस हाय. कागुद आनलाय."

प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा काढून तिनं टेबलावर ठेवला. सरांनी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"अहो, तिचा कागद बघा तरी," बाई म्हणाल्या.

"कागदात काय असतं? मातीत बघावं लागतं."

तीन दिवस आम्ही लिहीत होतो. चार पानं झाली. माती आई झाली, बांध तळहातावरच्या रेषा झाले. 'अर्थ' हा शब्द एकोणीस वेळा आला. पारूचं नाव एकदा, अंगठ्याशेजारी. सरांनी वाचून दाखवलं तेव्हा तिनं डोळे पुसले. मीही फुगलो, खोटं कशाला सांगू?

भूसंपादन कचेरीतल्या सुनावणीला सर मला खिशाला लावून, पारूला घेऊन गेले. साहेबांनी चारही पानं उलटली. "सर, वाचायला सुंदर आहे. पण जमीन कुठली? गट नंबर नाही, क्षेत्र नाही, रस्ता कुठून वळवायचा तेही नाही."

"दोनशे छत्तीस!" पारू झटकन बोलली.

"आता तोंडी चालत नाही, बाई. मुदत संपली."

रस्ता झाला. पारू आता बोईसरला एका कंपनीच्या आवारात झाडू मारते. सरांनी त्यावरही निबंध लिहिला. पुस्तक निघालं, पुरस्कार मिळाला. सत्काराला पारूला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. टाळ्या थांबल्यावर ती सरांजवळ आली.

"सर, या बुकात तरी नंबर घातलाव काय?"

सरांनी पानं चाळली, पुन्हा चाळली. मग मला काढून समासात लिहिलं: गट नंबर २३६, बेटेगाव. इतकी साधी ओळ आम्ही पहिल्यांदाच लिहीत होतो.

पारूनं त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. ओल्या शाईचा डाग बोटाला लागला.

"हां. ही आमची," ती म्हणाली. "आता काय उपेग नाय." आणि पुस्तक तिथंच ठेवून कामाच्या पाळीला निघून गेली.

त्यानंतर सरांनी मला उघडलेलं नाही. शाई आत वाळून दगड झालीय. मित्रांनो, पेन धुवावा, टोपण लावावं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. कुणी कागद घेऊन दाराशी आलं, तर चष्मा त्याच्या घरातून काढा आणि आधी तो कागद वाचा.