भाऊजींची बुरशी

धाकट्या दिराच्या मांडीवर बाटलीच्या बुचाएवढा काळाकुट्ट डाग उठला होता, भोवती लालभडक कडं. कॅन्सरच्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती पार खचली होती. वॉर्डातल्या डॉक्टरांनी जिवाणूंचा संसर्ग समजून त्यावरचीच औषधं चालवली, पण डाग पसरतच गेला. शेवटी कातडीचा तुकडा तपासायला माझ्या प्रयोगशाळेत आला.

सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसले आणि मला हसूच फुटलं. नवरा गेल्यावर याच माणसाने माझं सामान दाराबाहेर फेकलं होतं आणि चारचौघांत म्हटलं होतं, "ही आमच्या घराला लागलेली बुरशी आहे." देवा, तुझी थट्टा मला बरोबर कळली!

क्षणभर वाटलं, अहवाल उद्या द्यावा. उद्यापर्यंत तो टिकला नसता. पण इतक्या स्वस्तात सुटलेला तो मला नको होता. मी लगेच वॉर्डात फोन केला, औषध बदलायला लावलं आणि मग स्वतःच वर गेले.

"भाऊजी, बुरशी आहे," मी अगदी गोड आवाजात सांगितलं. "नव्या औषधाने हुडहुडी भरेल. काळा भाग कापावा लागेल. चांगलंच दुखेल."

"तुम्हाला बरं वाटत असेल, वहिनी."

"खूप!"

"मग वाचवता कशाला?"

"घरासाठी दावा लावलाय ना मी तुमच्यावर? धडधाकट होऊन कोर्टात या. तुम्ही मेलात तर मी हरवू कुणाला?"