भाऊसाहेबांचं ताट

ठमाबाईनं पिंप आडवं करून आदल्या दिवसाचं पाणी नालीत सोडलं, आत हात घालून तळाशी बसलेली राख खरवडून काढली आणि पिंप पुन्हा उभं केलं. शेजारी राखेचं घमेलं ठेवलं, त्यावर ताटं घासायला धानाच्या तणसाची नवी जुडी ठेवली. तिच्या खानावळीत चुलीइतकाच मान या पिंपाला होता.

तिचा मुलगा खुशाल सायकल कुडाला टेकवून केव्हाचा मागे उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला भाऊसाहेबांच्या पक्षाचा बिल्ला.

"माय, उद्या भाऊसाहेब आपल्या इथी जेवाले येऊन राह्यले."

"येऊ दे. भाताले का तोटा हाय?"

"नागपूरचा फोटोवाला बी येते. पेपरात छापून येईन."

"त्याले बी वाढीन."

खुशाल जागचा हलला नाही. त्यानं जुडीतलं एक तणीस उपसलं आणि बोटाला गुंडाळत राहिला. लहानपणी पाटी फोडून घरी आला की तो असाच उभा राहायचा.

"बोल," ठमाबाई म्हणाली.

"त्यायचं जेवण झालं का ताट मी उचलून घेईन. पटकन. कोणाले दिसणार बी नाई."

"मले दिसन ना."

"माय, एकाच दिवसाची तं गोस्ट हाय. पुढच्या साली नगरपालिकेचं तिकीट देतो म्हणाले. मले. आपल्या वॉर्डात आजपर्यंत कोणाले भेटलं का?"

 ठमाबाई बादली उचलून नळावर गेली.

वडसा गावात माणसाला त्याचं मत विचारायची गरज नव्हती. तो आलुबोंडा कुठं खातो एवढं पाहिलं की झालं. मेन रोडवर दोन हॉटेलं समोरासमोर होती. एकात सत्तेतल्या पक्षाची माणसं बसायची, दुसऱ्यात त्यांच्या नावानं बोटं मोडणारी. एकाच कढईतून निघाल्यासारखे बोंडे दोन्हीकडे मिळत, पण चुकीच्या हॉटेलात चहा प्यायलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत दहा जण टोकत. किराण्याचंही तसंच. एक दुकानदार नगरपालिकेला उभा राहिला, तर विरोधातल्या घरांनी तेल-मीठ आणायला दुसऱ्या टोकाचं दुकान धरलं. त्यांच्या बायका महिनाभर नवऱ्यांना आणि राजकारणाला सारख्याच शिव्या देत होत्या. आता तर माघ उतरला होता, भाऊसाहेब उभे होते ती विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. नव्या गडचिरोली जिल्ह्यातली ही पहिलीच, म्हणून सगळ्यांच्या अंगात जरा जास्तच आलं होतं.

सगळ्या झेंड्यांची माणसं एका ओळीत बसून जेवत अशी जागा गावात एकच, मालधक्क्यामागची ठमाबाईची खानावळ. आत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, रोज ताजा हार होता. बाकी कुणाचा कागद भिंतीला चिकटवू द्यायची नाही. हमाल, धानाचे दलाल, रेल्वेचे गार्ड, मंडईच्या जत्रेच्या दिवसांत नाटकातले राजे आणि खलनायक, सगळे तिथं जेवत. जेवण झालं की आपापलं ताट उचलून पिंपाशी नेत, राखेनं घासत, विसळत आणि ठमाबाईला दाखवून फळीवर पालथं घालत. काठाला शीत दिसलं की ती ताट परत हातात द्यायची. एकदा ठाणेदाराला तिनं दोनदा परत पाठवलं होतं. ही हकीकत हमाल अजून चवीनं सांगत, आणि दर वेळी ठाणेदाराच्या फेऱ्या एकीनं वाढत.

ही रीत तिच्या सासऱ्यानं, देवाजीनं घातलेली. मेन रोडच्या जुन्या हॉटेलात त्याचा कप वेगळा होता, बाहेर वळचणीला खोचलेला. तो काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपल्या हातानं धुवायचा आणि पुन्हा खोचून ठेवायचा. पंधरा वर्षं. छप्पन साली तो चांद्याला दीक्षा घेऊन आला, स्टेशनवर उतरून तडक हॉटेलात गेला आणि वळचणीचा कप काढून मालकासमोर गल्ल्यावर ठेवला.

"हा तुमचा कप," तो म्हणाला. "आता तुम्हीच सांभाळा."

पुढच्या महिन्यात त्यानं मालधक्क्यामागे तीन दगडांची चूल मांडली. ज्या कामानं त्याला पंधरा वर्षं खाली पाहायला लावलं, तेच काम त्यानं सगळ्यांना सारखं वाटून दिलं. इथं कुणी कुणाचं उष्टं उचलणार नाही, गिऱ्हाईक नाही, मालकही नाही. सुरुवातीला लोक हसले, मग जेवले, मग धुवायला लागले. देवाजी गेला, ठमाबाईचा नवरा गेला, चूल आणि पिंप तिच्याकडे आलं. उभ्या गावात तिला कशाचा अभिमान असेल तर तो याच पिंपाचा, आणि ती तो लपवतही नसे.

आणि आता तिचाच पोरगा, बी. ए. झालेला, वॉर्डातला पहिला, दुसऱ्याचं ताट उचलतो म्हणत होता. रात्रभर तिला तिकिटाचं काही वाटलं नाही, त्या ताटाचं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जीप आली. मागून सायकलींची रांग, अर्धा वॉर्ड आणि मालधक्क्यावरचे झाडून सगळे हमाल. भाऊसाहेब उतरले. धिप्पाड, हसतमुख माणूस, दोन्ही हात जोडलेले. बरोबर चार कार्यकर्ते आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला नागपूरकर. ड्रायव्हर दसरू तेवढा गाडीतच बसून राहिला. त्याला उतर असं कुणी म्हणालं नाही.

ठमाबाईनं नव्या धानाचा भात केला होता, वरण, वांग्या-आलूचा रस्सा, वालासारख्या पोपटाच्या शेंगांची भाजी आणि वर सुक्या झिंग्याची चटणी. भाऊसाहेब जमिनीवर अंथरलेल्या पट्टीवर मांडी घालून बसले. फोटोवाल्यानं तीन फोटो काढले. सगळ्यांना वाटलं, चार घास खाऊन उठतील. पण भाऊसाहेब जेवले. चटणी तीनदा मागून घेतली, तिसऱ्यांदा तर वाटीच जवळ ओढली. कपाळावर घाम आला तरी थांबले नाहीत.

"ठमाबाई, अशी चटणी माझी आई करायची," ते म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. जेवणाऱ्याचं तोंड पाहून ठमाबाईला तेवढं कळत असे. तिला बरं वाटलं, आणि तिनं आणखी एक वाढणी भात घातला.

मग भाऊसाहेब उठले. पिंपाशी जाऊन हात धुतले, चूळ भरली, उपरण्याला तोंड पुसलं. ताट पट्टीसमोर तसंच राहिलं. चारही कार्यकर्ते आपापली ताटं उचलून अर्धवट उभे राहिले होते. भाऊसाहेबांचं ताट खाली पाहून ते पुन्हा खाली बसले.  तेवढ्यात खुशाल गर्दीतून पुढे सरकला, वाकला आणि ते ताट उचललं.

"खुशाल," ठमाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ते ताट तुझं नाई."

"माय, राहू दे ना आता."

"ज्याचं हाय त्याले दे."

भाऊसाहेब वळले. काय चाललंय ते त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला, मग ते मोकळेपणानं हसले.

"अरे हो, तुमची ती रीत. ऐकून आहे मी. ठमाबाई, संध्याकाळी माणूस पाठवतो, सगळी ताटं धुऊन देईल."

"माणूस कशाले, भाऊसाहेब? पाणी इथीच हाय, राख इथीच हाय. दोन मिनिटाचं काम हाय. आमच्या इथी ठानेदार बी धुतेत."

मागे हमालांमध्ये कुणीतरी खाकरलं. फोटोवाल्याला बिचाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे न पाहता तळहात आडवा धरला.

"हा नको."

मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. आरमोरीची सभा तीनला होती. त्यांनी पुन्हा हात जोडले, ठमाबाईला, फोटोतल्या बाबासाहेबांना, जमलेल्या सगळ्यांना, आणि ते जीपकडे गेले. कार्यकर्ते मागोमाग. चार ताटं खाली राहिली, पाचवं खुशालच्या हातात.

जीप सुरू झाली. भाऊसाहेबांनी पुढच्या सीटवरून मान बाहेर काढली.

"खुशाल, चल रे. आरमोरीला तुला बोलायचं आहे स्टेजवरून."

खुशालनं आईकडे पाहिलं. ठमाबाई त्याच्याकडे पाहत नव्हती. ती चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. जे बोलायचं ते ती बोलली होती. आता जीपमध्ये बसायचं की नाही, हे त्यानंच ठरवायचं होतं. तो गेला असता तरी रात्री तिनं त्याला वाढलंच असतं. पण तो गेला असता, तर ती खानावळ देवाजीची राहिली नसती, हेही तिला ठाऊक होतं.

खुशाल वाकला. ताट जिथून उचललं होतं तिथंच, पट्टीसमोर, नीट ठेवून दिलं.

"तुम्ही व्हा पुढं, भाऊसाहेब," तो म्हणाला. "माझं जेवण व्हायचं हाय."

जीप गेली. धूळ खाली बसली. मग खुशालनं फळीवरचं एक ताट घेतलं, भाऊसाहेब बसले होते त्याच्या शेजारी बसला आणि आईनं वाढलं ते मुकाट जेवला. चटणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, का आणखी कशानं, हे कुणी विचारलं नाही. उठून पिंपाशी गेला, बाह्या सरसावल्या, राखेनं ताट घासलं, दोनदा विसळलं आणि आईसमोर धरलं. इस्त्रीच्या सदऱ्यावर राखेचे शिंतोडे उडाले होते.

ठमाबाईनं ताट घेतलं आणि न पाहताच फळीवर पालथं घातलं. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. आत्ता ताट पाहायला गेली तर सगळ्यांसमोर डोळे गळतील अशी तिला भीती वाटली.

कार्यकर्त्यांची चार ताटं दुसऱ्या दिवशी सकाळी धुतली गेली. चौघं एकेकटे आले, इकडेतिकडे पाहत, आणि धुऊन गेले. भाऊसाहेबांचं राहिलं. ठमाबाईनं ते एका कोपऱ्यात ठेवून वर टोपली पालथी घातली.

मतदान झालं. भाऊसाहेब निवडून आले, आणि चांगल्या मतांनी आले. खुशालच्या तिकिटाचं पुन्हा कुणी बोललं नाही, त्यानंही विचारलं नाही. तो सकाळी वॉर्डातल्या पोरांची शिकवणी घेऊ लागला, दुपारी खानावळीत वाढू लागला. पक्षाची थोडी गिऱ्हाईकं तुटली. पण मेन रोडच्या दोन्ही हॉटेलांतली काही माणसं रस्ता ओलांडून मालधक्क्यामागे यायला लागली. ती नुसती जेवायला येत नव्हती. जेवून झाल्यावर कोपऱ्यातल्या टोपलीकडे एक नजर टाकत आणि मग आपलं ताट जरा जास्तच घासत. आपल्याकडे कुणाचंच मत नाही म्हणून ठमाबाई मिरवायची. आता तिच्याकडे जेवणं हेच गावात एक मत झालं.

विजयाची मिरवणूक स्टेशन रोडनं निघाली त्या दिवशी ढोल-ताशे मालधक्क्यापर्यंत ऐकू येत होते. जेवणारे घास हातात धरून बाहेर पाहू लागले. भाऊसाहेब हारांनी झाकलेल्या ट्रकवर उभे होते. ट्रक पुढे निघून गेला. मागची रिकामी जीप मात्र रस्ता सोडून खानावळीसमोर येऊन थांबली.

दसरू उतरला. टोपी काढून दारात घुटमळला.

"बाई, जेवाले भेटन का? त्या दिवशी मी गाडीतच होतो."

"ये, बस," ठमाबाई म्हणाली. "काऊन विचारून राह्यला?"

दसरू पोटभर जेवला. उठला, पिंपाशी गेला, आपलं ताट घासलं आणि तिला दाखवलं. तिनं काठावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. त्यानं ते फळीवर ठेवलं. मग तो कोपऱ्यातल्या टोपलीजवळ जाऊन उभा राहिला. तिच्याखाली काय आहे हे आता सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे बी धुऊन टाकू का? दोन मिनिटाचं काम. साहेबाले सांगत बी नाई मी."

ठमाबाईनं तोंड उघडलं, पण तिला बोलावं लागलं नाही.

"नाई, दसरूभाऊ," खुशाल म्हणाला. तो पंगतीत भात वाढत होता आणि त्यानं मान वर केली नव्हती. "ते तुमचं ताट नाई."

दसरूनं टोपलीवरचा हात काढून घेतला. बाहेर ढोल लांब जात होते. ठमाबाई उठली, पिंपातलं पाणी हात घालून पाहिलं आणि निम्म्यावर आलं म्हणून बादली घेऊन नळावर गेली.