पेवात सोडलेला कंदील

१२ मे १९७३. सकाळपासून आभाळ पांढरं, वारा गरम, सावलीत ठेवलेलं पाणीही कोमट.

मी बोरीच्या किशनरावांच्या घरचा कंदील बोलतोय. त्यांनी मला मानवतच्या बाजारातून आणलं. संध्याकाळी शेजारचे नागनाथ मास्तर ओट्यावर येऊन माझ्या उजेडात विज्ञानाची पुस्तकं वाचत. एकदा म्हणाले, "किशनराव, इलेक्ट्रॉन लय बारका. बघायला उजेड पाडावा, तर उजेडाच्या धक्क्यानंच तो हलतो. आपण बघायच्या आधी तो कसा होता, ते कळायला वाटच न्हाई."

"मग मास्तर, माझं रॉकेल कशाला जाळायलेत?"

दोघंही हसले होते.

त्या दिवशी किशनरावांनी पेव उघडलं. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं खोल कोठार. वर्षानुवर्षं बंद, त्यामुळे आत हवा कोंडते. उघडल्यावर एक रात्र जाऊ द्यायची, मग कंदील सोडायचा, तो जळत राहिला तर माणूस उतरवायचा, अशी रीत. पण दुष्काळाचे दिवस, भरलेलं पेव रात्रभर उघडं कोण ठेवणार? किशनरावांचा धाकटा भाऊ आश्रुबा लगेच उतरायला निघाला.

मला दोरानं सोडलं. निम्म्यावर मी विझलो. वाईट हवेनं की दोराच्या हिसक्यानं, ते मलाही कळलं नाही.

मग लिंबाचा डहाळा दोराला बांधून आतली हवा ढवळली. मला पुन्हा पेटवून सोडलं. या खेपेला थेट ज्वारीवर टेकलो, तरी जळत राहिलो.

"झालं की," आश्रुबा म्हणाला.

"थांब," मास्तर म्हणाले. "ढवळलं म्हणून तो जळायलाय. ढवळणं थांबल्यावर काय होईल, ते ह्याच्यावरून कळत न्हाई."

"मंजी खाली वाईट हवा हाय का न्हाई?" आश्रुबानं विचारलं.

मास्तर म्हणाले, "सांगता येत न्हाई."

"एवढं शिकून तुमालाच सांगता येईना, मंग हाय असं तरी मी कशाला धरू?"

त्याची बायको केशरबाई टोपली घेऊन उभी होती. "उद्या उतरा की."

"उद्या समदं गाव टोपल्या घिऊन येतंय."

तो उतरला. मला बाजूला सरकवून वाकला आणि ज्वारी उकरू लागला. दाण्यांमध्ये कोंडलेली हवा सुटली. आधी मी विझलो की आधी तो पडला, ते मला सांगता येत नाही.

किशनराव उतरायला धावले. मास्तरांनी त्यांना घट्ट धरून ठेवलं.

आता मी खुंटीला आहे. मला कोणी पेटवत नाही. पेटवलंत तर एवढं ध्यानात असू द्या, मी जळतो तेव्हा फक्त माझ्यापुरती हवा असते.

त्याच दिवशी दुपारी गळ टाकून आश्रुबाला वर काढलं होतं. तो मेला होता. दुसऱ्या दिवशी पेवातून नऊ पोती ज्वारी निघाली. ज्वारी चांगली होती.