कुकरपाशी माणूस

“आई, शिडीच्या वाढदिवसाला राजम्याखालचा गॅस लवकर कोणी बंद केला? तू?”

प्रश्न भिंगरीच्या तोंडून निघाला खरा, पण त्याला ढकललं होतं मागे दारात उभ्या असलेल्या दोघींनी. शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत एकच धोशा होता, “विचारून दाखव. एवढी धीट झालीस ना, मग विचार की!” आणि भिंगरी यंदा धीट झालीच होती. वर्गात सगळ्यांसमोर उभं राहून भाषण ठोकलं होतं, वर्षभर भांडून घरात स्वतःची खोली मिळवली होती, खोलीला दार होतं आणि ते लावून घ्यायचा हक्कही होता. अशा मुलीने स्वतःच्या आईला एक साधा प्रश्न विचारायला कचरायचं?

आईची सुरी गाजरावर थांबली. अर्धवट कापलेली चकती पात्याला चिकटून राहिली.

“हो,” आई म्हणाली. “मीच केला. घाईत होते.”

शिडी म्हणजे वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी. वाढदिवस तिचाच होता. त्या रात्री ती, तिची धाकटी बहीण आणि दारातली दुसरी, चष्मिस, अशा तिघी उलट्या करून करून पिवळ्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी काय काय खाल्लं ते विचारलं, आणि राजमा अर्धवट शिजला असेल तर असं होतं, असं सांगून टाकलं. राजमा एकाच पदार्थात होता. भिंगरीच्या आईच्या डिपमध्ये.

“नाही काकू, आम्ही आपलं सहज...” शिडी पुटपुटली.

“सहज कसं? दोन दिवस झोपून होतीस. चूक झाली बाळा माझी. तुझ्या आईला मी स्वतः सांगितलंय.”

मग चष्मिसने चष्मा वर सरकवला आणि जे बोलायला ती खरी आली होती ते बोलली.

“काकू, आमच्या घरी शनिवारी बाबांच्या ऑफिसातली माणसं येणारेत. आई म्हणाली, डिपचं जरा विचार करून सांगते.”

“सांगू दे की,” आई म्हणाली आणि पुन्हा गाजर कापू लागली. चकत्या नेहमीपेक्षा जाड पडत होत्या.

आईचा धंदा छोटासा, पण तिच्या हाताला नाव होतं. कोणाकडे दहा माणसं जमायची असली की फोन यायचा. त्यातही डिप म्हणजे हुकमी एक्का. शिजवलेला राजमा, भाजून साल काढलेली लाल ढोबळी मिरची, वाफवलेलं गाजर, लसूण, लिंबू, तेल. सगळं मिक्सरमधून फिरवलं की झालं. वर काकडीचे आणि गाजराचे लांब तुकडे उभे खोचून द्यायचे. भिंगरी म्हणायची, हे तर मी झोपेतसुद्धा करेन. एक चष्मिसची आई बिचकली की तिच्यामागे सगळी गल्ली बिचकणार, हे न कळण्याइतकी ती लहान नव्हती.

मैत्रिणी गेल्या. भिंगरी खोलीत येऊन पलंगावर पालथी पडली आणि पाय हलवू लागली. तिचे पाय हलायला लागले की डोकं चालायला लागायचं.

आई खोटं बोलत होती.

त्या दिवशी लिंबं संपली म्हणून आई खाली दुकानात गेली होती. जाताना सांगून गेली होती, “शिट्टी झाली की गॅस बारीक कर, अर्धा तास तसाच राहू दे. लक्ष ठेव.” शिट्टी झाली, भिंगरीने गॅस बारीक केला आणि खोलीत जाऊन दार लावून, कानात गाणी घालून बसली. पुन्हा बाहेर आली तेव्हा गॅस बंद होता. आई आली असेल, असं समजून ती पुढच्या कामाला लागणार, एवढ्यात बाहेरचं दार उघडलं. आईच्या खांद्याला पिशवी, पायात चपला. आत येता येता तिने विचारलं होतं, “केलास ना बंद?” आणि भिंगरीने मिक्सरचं भांडं शोधता शोधता “झालाय” म्हणून टाकलं होतं. डिप तिनेच वाटलं होतं. दाताखाली जरा कचकच लागली तेव्हा आणखी थोडं तेल आणि आणखी अर्धं लिंबू घालून तिने वेळ मारून नेली होती.

भिंगरीने पाय हलवायचे थांबवले. गॅस आईने बंद केला नव्हता. मग तिने ते स्वतःच्या अंगावर का घेतलं? दुसऱ्यावर ढकलायचं सोडून कोणी चूक ओढून घेतं, तेव्हा पाणी कुठेतरी मुरत असतं.

त्या दिवसापासून तिने आईवर पाळत ठेवली, आणि पाळत ठेवल्यावर घरात संशय घेण्यासारखं किती काही सापडू लागलं. आई हल्ली कुकर चढवला की स्वयंपाकघर सोडायचीच नाही. स्टूल ओढून समोर बसायची, हातात काही काम नसलं तरी. फोन वाजला तर फोन तिथे आणायला लावायची. पिठाच्या डब्यामागे शिजवलेल्या राजम्याचे तीन बंद डबे निघाले, दुकानातले! ज्या आईने आयुष्यात कधी आयता मसाला घरात येऊ दिला नाही, तिच्या स्वयंपाकघरात! आणि ते आणत होते बाबा, ऑफिसच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, जसं काही चोरीचा माल.

“हे काय आहे?” भिंगरीने एक डबा नाचवत विचारलं.

“असू दे अडीअडचणीला,” बाबा म्हणाले आणि बूट काढण्यात नको तितके रमले.

शुक्रवारी संध्याकाळी आईबाबा गच्चीच्या दाराशी कुजबुजत होते. भिंगरी जवळ आली तसे गप्प झाले. तिच्या कानावर एवढंच पडलं:

“भिंगरीला सांगू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही.”

हे वाक्य तिला फार लागलं. खरं होतं म्हणून जास्तच.

पुढच्या खोलीत खिडकीपाशी अप्पा बसले होते, बाबांचे वडील. खांद्यावर फडकं, मांडीवर बिघडलेला कंदील. तो कंदील ते गेल्या महिन्यापासून दुरुस्त करत होते. रोज उघडायचे, रोज पुसायचे, रोज लावून ठेवायचे. अप्पांनी सगळी नोकरी कारखान्यातल्या बॉयलरवर काढली होती. लहानपणी भिंगरीला गोष्ट सांगतानासुद्धा त्यांच्या गोष्टीत राजा नसायचा, वाफ असायची.

“अप्पा, या घरात काहीतरी शिजतंय,” ती त्यांच्याशेजारी धपकन बसत म्हणाली.

“शिजतंय तिथे कोणी बसलंय ना?” अप्पांनी लगेच विचारलं.

“तसं नाही हो!”

“कसं का असेना. पेटत्या आगीपाशी माणूस हवा. माणूस नसेल तर आग विझवायची. पहिल्या दिवशी साहेबाने मला एवढंच शिकवलं, दुसरं काही शिकवलंच नाही.”

हे भिंगरीने हजारदा ऐकलं होतं. तिने मान डोलावली आणि मनातल्या मनात उद्याचा सापळा रचायला घेतला.

शनिवारी सकाळी चष्मिसच्या आईने फोन करून डिप सांगितलं, पण आवाजात खळखळ होती आणि शेवटी “नीट बघून करा हं” असं जोडलेलं होतं. आईने कुकर चढवला, शिट्टीनंतर गॅस बारीक केला आणि स्टूलावर पहारा सुरू केला. भिंगरी ओट्याला टेकून ढोबळी मिरचीची काळी पडलेली सालं सोलत राहिली. एवढ्यात खालून बाबांची हाक आली. त्यांच्या दोन्ही हातांत सामान होतं आणि जिन्याचं दार अडकलं होतं.

आई उठली, घुटमळली, भिंगरीकडे बघत राहिली.

“तू इथेच थांब. हलायचं नाही इथून. कळलं?”

“कळलं.”

आईची पावलं जिन्यावर उतरली आणि भिंगरी हलली. फार लांब नाही. स्वयंपाकघरामागच्या छोट्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरीच्या मागे. आई ज्याच्यावर पहारा ठेवते आहे ते, स्वयंपाकघर रिकामं असतानाच येणार, एवढा हिशोब सरळ होता. काय येणार, कोण येणार, याचा मात्र तिला पत्ता नव्हता. चादरीला साबणाचा वास होता. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती.

आधी पावलं आली, फरफटत. मग फडकं दिसलं.

अप्पा उंबऱ्यात थांबले. त्यांनी कुकरकडे पाहिलं, स्टूलाकडे पाहिलं.

“कोणी आहे का?” त्यांनी विचारलं.

भिंगरी चादरीमागे आणखी सरकली.

ते तसेच उभे राहिले. उत्तर येईल म्हणून वाट बघणाऱ्या माणसासारखी त्यांनी मान एका बाजूला कलती केली होती. मग जरा मोठ्याने, “अरे, कोणी आहे का इथे?”

हा आवाज तिने ऐकला होता. याच शब्दांत, बंद दाराबाहेरून, गाण्याच्या मागून. त्या दिवशी. बाहेरचं काहीतरी असेल म्हणून तिने गाणं मोठं केलं होतं.

अप्पा आत आले. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, बटण फिरवलं, वाकून ज्योत गेल्याची खात्री केली, बटण फडक्याने पुसलं. कुकरवर तळवा न टेकवता वरूनच धरला. “बंद,” ते हलक्या आवाजात म्हणाले, जणू पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगत असावेत. आणि जसे आले तसे गेले.

भिंगरी चादरीमागून बाहेर आली तेव्हा आई दारात उभी होती. तिने बर्नरकडे पाहिलं, भिंगरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि लायटर उचलून गॅस पुन्हा पेटवला.

“पाहिलंस?”

“हो.”

“मलाही चार दिवसांनी कळलं. डोळ्यांसमोर बंद करून गेले, आणि पाच मिनिटांनी येऊन मलाच विचारलं, राजमा झाला का गं.”

“म्हणजे ते विसरतात?”

“बंद केलेलं विसरतात. बंद करायचं विसरत नाहीत.”

कुकर सुस्कारू लागला. आईने स्टूल ओढलं, पण बसली नाही.

“सगळ्या नोकरीत त्यांच्या हातून कोणाला साधा चटका बसला नाही. त्याचीच तर सगळी ऐट. आता त्यांना जाऊन सांगायचं, तुमच्यामुळे तीन पोरी आजारी पडल्या? त्यापेक्षा माझी चूक बरी.”

“आणि माझी?” असं भिंगरी म्हणणार होती. पण त्याच वेळी तिचा फोन थरथरला. चष्मिस. एरवी अशा बातमीने भिंगरीच्या जिभेला खाज सुटली असती.

“काय गं, आई परत विचारतेय. आज नक्की नीट आहे ना? काकूंनी त्या दिवशी...”

“त्या दिवशी कुकरपाशी कोणी नव्हतं,” भिंगरी म्हणाली. “आज मी आहे. अर्धा तास मोजून उभी राहणार आहे, आणि पहिला चमचा मी खाणार आहे. सांग काकूंना.”

“आणि गॅस बंद कोणी केला मग?”

“सांगितलं ना. कोणी नव्हतं.”

तिने फोन ठेवला. आई तिच्याकडे बघतच राहिली. भिंगरीच्या पोटात काहीतरी राहिलं होतं.

दुपारी डिप गेलं. गुळगुळीत, लालसर, दाताला कुठे अडखळणार नाही असं. त्यानंतर बाबांनी सकाळी आणलेलं सामान उघडलं. स्क्रू, पेचकस, आणि पितळेची नवीकोरी कडी. ते स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूलावर चढून पेन्सिलीने खुणा करू लागले, बाहेरच्या बाजूने, अप्पांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच जागी.

अप्पा कंदील घेऊन तिथे येऊन उभे राहिले.

“ही कशाला?”

“मांजर येतं हो अप्पा,” बाबा खाली न बघता म्हणाले.

“चौथ्या मजल्यावर?”

बाबांची पेन्सिल थांबली. अप्पा कडीकडे बघत होते, मग मुलाकडे, मग सुनेकडे. या घरात गेले कित्येक दिवस भिंगरीच्या डोळ्यांत जे होतं तेच आता त्यांच्या डोळ्यांत उतरत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

भिंगरी खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून कर्कश आवाज आला, लाकूड फरशीवरून ओढल्याचा. मग दार धाडकन उघडलं आणि टेबल बाहेर आलं. आधी दोन पाय, मग वह्यांचा ढीग, पेनांचा डबा, आणि मागून ढकलणारी भिंगरी, घामाघूम, केस तोंडावर आलेले. याच टेबलासाठी, याच खोलीसाठी तिने वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं.

“अगं, अगं! फरशी!” आई ओरडली.

“बाबा, सरका जरा.”

बाबा स्टूल घेऊन सरकले. टेबल स्वयंपाकघरात शिरलं, ओट्याला घासलं आणि गॅसच्या समोर, स्टूलाच्या जागी जाऊन थांबलं. अप्पा मागोमाग आत आले. त्यांनी टेबल हलवून बघितलं, एक पाय डुगडुगत होता. खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी केली आणि पायाखाली सारली. पुन्हा हलवून बघितलं.

“इथे बसणार तू?” त्यांनी विचारलं.

“हो अप्पा. तुम्ही विचाराल तेव्हा ओ देईन.”

मग ती आईबाबांकडे वळली, तोंडावरचे केस मागे सारले आणि वर्गात भाषणाला उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

“ती कडी दुकानात परत देऊन या. आजपासून माझा अभ्यास इथे.”