बांधावरची गाडी

आमच्या गावाने रेल्वेला जमीन फुकट दिली. पण आमचं गाव फुकट काही देत नाही. अट घातली की बांधावर दुधाचा कॅन ठेवलेला दिसला, की गाडी तिथे थांबायची. रेल्वेने स्टेशनही बांधलं, पण कंत्राटदाराच्या सासऱ्याच्या माळावर. तिथे वाऱ्याशिवाय कुणी उतरत नसे. जो तो आपल्या शेतातून चढे आणि गार्ड डब्यातच तिकीट फाडे. तीन पिढ्या व्यवहार चोख चालला.

मग वरून हुकूम आला. साहेब येऊन स्टेशनवर किती माणसं चढतात ते बघणार, कुणी नसलं तर लाइन बंद.

स्टेशनमास्तर धावतच भावजयीच्या गोठ्यात आला. गावची दूधवाली ती. सगळं गाव तिचं ऐके. न ऐकणाऱ्याचं दूध पातळ होतं, असा वहीम होता.

"वहिनी, उद्याच्या दिवस सगळ्यांना घेऊन स्टेशनवर या."

"का? माझा बांध पळून गेला?"

"अहो, लाइन बंद पडेल! दूध काय डोक्यावरून शहरात नेणार?"

"भावजी, उद्या आम्ही स्टेशनवर आलो, की परवापासून गाडी बांधावर थांबायची नाही. मी नाही येत."

"आणि माझी नोकरी?"

"आजवर झोपून केलीत. उद्या जागेपणी करा."

दुसऱ्या दिवशी फलाटावर साहेब, मास्तर आणि एक कुत्रं. गाडी आली ती खच्चून भरलेली. दारातच दूधवाली कॅनवर बसलेली.

"चढणारे शून्य," साहेब खुशीत म्हणाला.

"विहिरीला पाणी किती ते छपरावर चढून बघता होय, साहेब? आत या की!"

हिणवल्यावर साहेब चढला. पुढच्या बांधावर गाडी थांबली आणि एका म्हाताऱ्याने कांद्याचं पोतं थेट साहेबाच्या बुटावर टेकवलं. त्यापुढच्या बांधावर कोंबड्या आल्या, मग कोबी, मग एक अख्खं कुटुंब. साहेब खिडकीला चिकटला.

"बस्स! आता मुंगीलाही जागा नाही!" तो ओरडला.

"एवढंच वर कळवा," दूधवाली म्हणाली.

लाइन राहिली. बंद झालं ते स्टेशन. मास्तर आता वहिनीच्या बांधावर, कॅनशेजारी, झेंडा घेऊन उभा असतो.

"जरा बाजूला व्हा, भावजी," ती म्हणते, "ड्रायव्हरला कॅन दिसू द्या."