साहेबांच्या तोंडची माफी

इन्सिडेंट म्हणजे नुसतं घडलेलं. दिवे गेले, इन्सिडेंट. मांजर आत शिरलं, इन्सिडेंट. ॲक्सिडेंटमध्ये कुणाला तरी लागतं. साहेबांनी पहिल्याच वाक्यात इन्सिडेंट म्हणून बारक्याच्या हाताला मांजराच्या पंगतीला नेऊन बसवलं.

वहिनीने राग गिळला आणि मराठी केलं, "त्या दिवशी जो प्रकार घडला..."

"प्रकार?" बारक्या म्हणाला.

"ते प्रकार म्हणाले."

इथे थांबायला हवं. कोण कोण बसलंय ते कळल्याशिवाय चिडायचं तरी कुणावर?

टेबलाच्या पलीकडे साहेब, हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीचे, इंग्रजीच बोलणारे. त्यांच्या शेजारी ऑफिसच्या बाई, दोन्ही भाषा कामापुरत्या जाणणाऱ्या. अलीकडे बारक्या. आणि मधे वहिनी, लाँड्रीची दुभाषी, बारक्याची सख्खी भावजय. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता, आणि अजून तिच्या लेखी तो बारक्याच आहे.

बारक्या तापलेल्या रोलरवर चादरी सोडायचा. रोलरच्या तोंडाशी एक पट्टी असते. बोट टेकलं की मशीन थांबतं. पण चादरीची घडी टेकली तरी थांबतं. काम तुंबायला लागलं तसं साहेबांनी पट्टी वर बांधून ठेवायला सांगितली. चादरीच्याच चिंधीने बांधली. सगळ्यांनी पाहिली. मग बारक्याची दोन बोटं गेली, आणि ऑफिसातून बातमी फुटली की गडी डुलक्या काढत होता. तेव्हापासून जेवणाच्या खोलीत त्याला 'झोपाळू' म्हणतात.

त्याने सरकारात तक्रार केली. घरी मात्र म्हणाला, "वहिनी, त्यांनी एकदा माझ्याकडे बघून म्हणावं, पट्टी मी बांधायला लावली, माझं चुकलं. चार भिंतींत म्हणू दे. तक्रार मागे घेतो."

म्हणून ही बैठक. सकाळी ऑफिसच्या बाई वहिनीला गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "तुम्ही घरच्याच. तुमच्या तोंडून आलं की त्यांना पटेल." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती तिथे. दुभाषी म्हणून नाही, भावजय म्हणून बसवली होती तिला. मासा गळाला लागावा म्हणून दुसरा मासाच लावतात तशी.

डॅमेज. साहेब म्हणाले, त्याच्या हाताला जो डॅमेज झाला...

हा शब्द बारक्याला मराठी न करताच कळला. फाटक्या चादरींच्या जाळीच्या गाडीवर तोच लिहिलेला असतो.

"डॅमेज चादर असते," तो म्हणाला. "मी काय गाडीत टाकायचा माल आहे?"

वहिनीने हे इंग्रजीत सांगितलं. वर स्वतःचं एक वाक्य घातलं, जे दुभाष्याने घालायचं नसतं: "माणसाला इंजुरी होते, साहेब."

"तेच ते," साहेब म्हणाले.

तेच ते! तिला वाटलं, हे दोन शब्द घासून घासून साहेबांची जीभ सोलून काढावी.

दुभाष्याचा एक नेम असतो. साहेब म्हणाले 'मी', की आपणही 'मी'च म्हणायचं. 'साहेब म्हणतात' असं नाही. तेव्हा साहेब घसा खाकरून रिग्रेट हा शब्द बोलले, आणि वहिनीच बारक्याकडे बघत म्हणाली, "जे झालं त्याचा मला खेद आहे."

बारक्या पुढे सरकला. त्याचे डोळे एकदम लहान पोरासारखे झाले.

"म्हणजे माफी मागितली का, वहिनी?"

एक 'हो'. फक्त एक. नवरा घरून निघताना म्हणालाच होता, "हो म्हणून टाक ना, जिभेला काय हाड असतं?" हो म्हटलं की बारक्या मोठ्या मनाने तक्रार मागे घेणार, नोकरी शाबूत, घरात शांतता. आणि उद्या त्या रोलरवर दुसरं कुणीतरी, पट्टी वरच बांधलेली.

"नाही," ती म्हणाली. "खेद कुणालाही होतो. पूर आला, खेद. शेजाऱ्याचं कुत्रं मेलं, खेद. त्यात आपण काही केलेलं नसतं."

ऑफिसच्या बाई मराठीत कुजबुजल्या, "अहो, माफीच म्हणा ना. भावना तीच आहे."

"भावना असेल तर शब्द त्यांनी बदलावा. मी का बदलू?"

"काय चाललंय?" साहेब.

"त्याला अपॉलजी हवी आहे," वहिनीने सांगितलं.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात पसरले. "ओके. सॉरी. सॉरी म्हणतोय ना मी?"

सॉरी. लिफ्टमध्ये खांदा लागला की सॉरी. मयताच्या घरी सॉरी. ते आत गिळलेलं सगळं वर आलं आणि वहिनी साहेबांच्याच भाषेत सरळ बोलली. "सॉरी मीसुद्धा म्हणू शकते. मला वाईट वाटतं. पण पट्टी मी बांधायला लावली नाही. तुम्ही लावली. अपॉलजीत 'मी केलं' हे सांगावं लागतं. सांगता?"

साहेबांनी ऑफिसच्या बाईंकडे पाहिलं.

"वकिलांनी तो शब्द वापरू नका म्हटलंय," साहेब शेवटी म्हणाले.

वहिनीने ते जसंच्या तसं केलं, न चुकता, नेमाप्रमाणे. "वकिलांनी मला तो शब्द वापरू नको म्हटलंय."

बारक्या हसला. वाईट हसला.

"म्हणजे फरक त्यांना माहीत आहे तर! मला वाटलं, बिचाऱ्यांची भाषाच तोकडी." तो उठला. "सांग त्यांना, तक्रार राहणार. आणि पट्टी अजून वरच बांधलेली का, हे पण तिथेच विचारतो, कारण ती सोडायला अजून कुणीच सांगितलेलं नाही."

तिने सांगितलं. 'मी' म्हणून सांगितलं, आणि या वेळी तो 'मी' तोंडात परका वाटला नाही.

साहेब लाल झाले. "तुमची गरज उद्यापासून नाही," ते म्हणाले.

तिने सवयीने मराठी केलं, "तुमची गरज उद्यापासून नाही."

"माझी?" बारक्या म्हणाला.

"नाही रे. माझी."

"अगं मग असं कर," तो म्हणाला, आणि दोन बोटं नसलेल्या हाताने तिची खुर्ची मागे ओढली, "आता मधे कशाला बसतेस? ऊठ. बाहेर चल. माझ्या तक्रारीखाली तुझी पण लिही, आणि लिहिताना अजिबात सभ्य शब्द शोधू नकोस."